बेसलाइन उतरवायची तर 'ट्रान्स्क्राइब!'
येस या रॉक बँडच्या 'राउंडअबाउट'मधली (1971) क्रिस स्क्वायरची बेसलाइन, म्हणजे बेस गिटारचे सूर, ऐकून उतरवायला बसले. त्याच्या रिकनबॅकर बेसचा तो करकरीत आवाज स्पष्ट ऐकू येतो, पण त्या वेगात सूर हातातून निसटतात. आधी एका अ‍ॅपने आपोआप टॅब (कुठली तार, कुठे दाबायची ते लिहिलेली) काढून दिली होती, तर अर्धे सूर एक सप्तक वर! सेव्हन्थ स्ट्रिंग कंपनीचं 'ट्रान्स्क्राइब!' हे सॉफ्टवेअर असं आयतं काही देत नाही, आणि म्हणूनच मला ते प्रिय आहे. ऐकायला मदत त्याची, लिहायचं आपण.

वेग निम्मा केला तरी पट्टी बदलत नाही. दोन बार (तालाची आवर्तनं) निवडून हवे तितके वेळा फिरवत ठेवावेत. खरी मोलाची गोष्ट म्हणजे सगळं एक सप्तक वर नेता येतं: खालच्या ई तारेचे सुमारे 41 हर्ट्झ 82 होतात आणि नुसती गुरगुर वाटत होती तिथे सूर ऐकू येतो. खाली पडद्यावरच्या पियानोवर कुठला सूर किती जोरात आहे ते दाखवणारे उंचवटे जपून वाचा, बेसचा ओव्हरटोन (मूळ सुरासोबत वाजणारा वरचा सूर) कधीकधी मूळ सुरापेक्षा उंच दिसतो.

30 दिवस फुकट वापरलं, मग विकत घेतलं. आता माइल्स डेव्हिसच्या 'सो व्हॉट' या जॅझ रचनेतलं (1959) बेसवादक पॉल चेंबर्सचं वॉकिंग, म्हणजे प्रत्येक ठोक्याला एक सूर घेत चालणारा बेस, उतरवणं चालू आहे. डी सुरावर आधारलेले सोळा बार झाले, ई फ्लॅटचे आठ उद्या.