तांदळाच्या पिठातला हिंग: डबी चांगली, अक्षरं मुंगीएवढी

मुलीला सीलिॲक आहे, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन तिला चालत नाही. पोळी, शिरा, शेवया बंद करणं जमलं, कारण गहू तिथे डोळ्यांना दिसतो. हिंगात तो दिसत नाही. फोडणीत पडतो तो आपला बांधानी हिंग म्हणजे डिंक आणि पीठ घालून सौम्य केलेला चीक, आणि ते पीठ बरेचदा मैद्याचं किंवा गव्हाचं. मंडईजवळच्या दुकानात सुट्ट्या हिंगाबद्दल विचारलं, तर उत्तर आलं, "हिंगात काय असणार ताई, हिंगच!" मग तिथलीच ही बंद डबी घेतली.

घटक लिहिलेत: तांदळाचं पीठ, खाण्याचा डिंक, हिंग. जे वजनाने जास्त ते आधी लिहायचं असतं, त्यामुळे आपण मुख्यतः पीठच विकत घेतोय हेही कळतं. वर 'ग्लुटेन-फ्री' छापलंय. आपल्याकडे त्यासाठी ग्लुटेनची मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम. वास बरा आहे, आमटीला चिमूट जरा मोठी लागते.

आता तक्रार. सगळा मजकूर इंग्रजीत, तोही डबीच्या बुडाशी. नियमाला इंग्रजी किंवा देवनागरीतली हिंदी चालते. आमच्या स्वयंपाकाच्या मावशी पेपर रोज वाचतात, ही डबी त्यांना वाचता येत नाही. आणि फोडणी त्या घालतात, मी नाही! शिवाय त्याच जागी मैद्याचा हिंगही भरतात का, याबद्दल अवाक्षर नाही. डबीवरच्या नंबरावर फोन केला, तर बाईंनी नीट सांगितलं की तो वेगळ्या शेडमध्ये भरतात. मग छापा की तेवढं.

तरी औषधांपेक्षा ही डबी पुष्कळ बोलकी. मुलीच्या तापाच्या गोळीच्या पट्टीवर औषधाचं नाव, मिलिग्रॅम, रंग एवढंच होतं. गोळी बांधायला वापरलेला स्टार्च मक्याचा की गव्हाचा, ते केमिस्टलाही सांगता येईना. युरोपात गव्हाचा स्टार्च असेल तर औषधासोबतच्या कागदावर तसं लिहावंच लागतं.

हिंग पुन्हा घेणार. फक्त याच कंपनीची मैद्याची डबीही पिवळीच आहे आणि फळीवर दोन्ही शेजारी असतात. उलटी करून वाचल्याशिवाय पिशवीत टाकू नका.