चौकशीचा फॉर्म की व्हॉट्सअ‍ॅपचं बटण?

गोव्यातल्या मंगेशी-म्हार्दोळ भागात होमस्टे चालवणाऱ्याच्या वेबसाइटवर पाहुण्याला हवं असतं एवढंच: त्या तारखेला खोली आहे का, आणि दर काय? ते विचारायला फॉर्म ठेवावा की व्हॉट्सअ‍ॅपचं बटण?

फॉर्म शिस्तीचा. तारखा, माणसं, सगळं एका जागी येतं, चतुर्थीच्या गर्दीत कोणी आधी विचारलं तेही कळतं. पण बहुतेक फॉर्म पाहुण्याला पळवून लावतात. पत्ता, पिनकोड, ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ अहो, खोली द्यायची आहे की सोयरीक जुळवायची आहे? नाव, फोन, येण्या-जाण्याची तारीख, माणसं किती, बस. फोनच्या रकान्याला एचटीएमएलमध्ये (पानाच्या कोडमध्ये) ‘टेल’ (tel) प्रकार दिला की मोबाइलवर थेट आकड्यांचा कीबोर्ड उघडतो. रकान्याचं नाव रकान्याच्या आत फिकट अक्षरांत नको, वर ठेवा. आत असलं की टाइप करताच ते गायब होतं.

व्हॉट्सअ‍ॅपला रकानेच नाहीत. बटणाच्या लिंकमध्ये नंबर ९१ लावून, अधिकचिन्ह आणि सुरुवातीचं शून्य वगळून द्यायचा. ‘तारीख:, माणसं:’ असा मजकूर आधीच भरून ठेवता येतो. तो ठेवाच, नाहीतर नुसतं ‘हाय’ येतं. अडचण एकच: रात्री अकराला आलेल्या प्रश्नाला उत्तर कोण देणार?

दोन-चार खोल्या असतील तर मी बटणच ठेवीन, शेजारी उत्तराची वेळ लिहून. दहा-बारा खोल्या झाल्या की फॉर्म. दर मात्र दोन्हीकडे पानावरच हवेत.