तीन धर्म, तीन संध्याकाळी : धुळ्यातील एका अभ्यासवर्गाविषयी

धुळ्यातील एका सार्वजनिक वाचनालयाने यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लाम या धर्मांतील साम्यांवर तीन संध्याकाळचा अभ्यासवर्ग भरवला होता. दीडशे रुपये शुल्क भरून मी तिन्ही दिवस हजर राहिलो आणि पैसे व वेळ दोन्ही सार्थकी लागले.

पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या हाती शब्दांचा एक कागद आला. हिब्रूतील शालोम आणि अरबीतील सलाम, उपवासासाठी त्सोम आणि सौम, दानधर्मासाठी त्सेदाका आणि सदका. शेजारी बसलेल्या वृद्ध गृहस्थांनी शेवटच्या जोडीवर बोट ठेवून विचारले, "मंग हाई एकच शे ना?" दोन्ही भाषा एकाच सेमिटिक कुळातल्या, म्हणून धातूही एकच, हे शिक्षकांनी त्यांच्याजवळ येऊन शांतपणे समजावले. मराठी बायबलातील 'मोशे' हे नाव हिब्रू उच्चाराला धरूनच आहे, हेही मला तिथेच उमगले.

या वर्गाचे खरे मोल दुसऱ्या दिवशी कळले. अब्राहामाने देवाच्या आज्ञेवरून पुत्राचा बळी द्यायला सिद्ध व्हावे, ही कथा तिन्ही परंपरांत आहे. परंतु बायबलातील उत्पत्तीच्या पुस्तकात तो पुत्र इसहाक आहे, तर कुराणातील त्या प्रसंगात पुत्राचे नाव येत नाही आणि बहुसंख्य मुसलमान त्याला इस्माईल मानतात. बकरी ईदची कुर्बानी याच प्रसंगाची आठवण, यहुदी नववर्षाला फुंकल्या जाणाऱ्या मेंढ्याच्या शिंगाचा संबंधही याच कथेशी जोडला जातो, आणि ख्रिस्ती परंपरा तिच्यात येशूच्या बलिदानाची पूर्वछाया पाहते. दोन्ही ग्रंथांतील उतारे शिक्षकांनी लागोपाठ वाचून दाखवले, तेव्हा खोलीत पंख्याचा तेवढा आवाज होता.

साम्य सांगताना त्यांनी भेद कुठेही पुसला नाही, याचा मला विशेष आदर वाटतो. कुराणाच्या १९ व्या सूरेला मरियमचे नाव आहे आणि ईसांचा, म्हणजे येशूंचा, कुमारी मातेपोटी झालेला जन्म इस्लाम मानतो. मात्र ते देवाचे पुत्र असल्याचे किंवा क्रुसावर मरण पावल्याचे तो मानत नाही, आणि यहुदी त्यांना मसीहा म्हणून स्वीकारत नाहीत. हे सारे तितक्याच स्पष्टपणे सांगितले गेले.

उणिवाही सांगायला हव्यात. छायाप्रती इतक्या फिक्या होत्या की मागच्या रांगेतील मंडळींना त्या खिडकीशी नेऊन वाचाव्या लागल्या, आणि तिसऱ्या दिवशी उपवासांचा भाग घाईत उरकला. मला सर्वाधिक खटकले ते असे की, शतकानुशतके कोकणात राहिलेल्या, तेलघाणा चालवणाऱ्या आणि शनिवारी काम बंद ठेवल्यामुळे 'शनवार तेली' म्हणून ओळखल्या गेलेल्या मराठीभाषक बेने इस्रायली यहुद्यांचा उल्लेखही झाला नाही. मराठी श्रोत्याला यहुदी धर्म जवळचा वाटावा, याचा तोच सर्वात सोपा मार्ग होता. पुढच्या वर्गात त्यांच्यासाठी निदान अर्धा तास ठेवावा, असे मी वाचनालयाला लेखी कळवले आहे आणि त्या वर्गासाठी नावही नोंदवले आहे.