50 लिटरचा एअर कॉम्प्रेसर: मशीन चांगलं, पण टाकीकडे बघा

बरेच महिने झाले, 2 एचपीचा 50 लिटर टाकीवाला कॉम्प्रेसर घरच्या वर्कशॉपमध्ये वापरतोय. टायरात हवा, ब्लो गन (हवेच्या झोताने धूळ उडवायची), नेलर (हवेवर खिळे मारायची गन), कधीमधी स्प्रे पेंटिंग, एवढं आरामात होतं, सलग सँडिंगला मात्र दम टाकतो. त्यावर जास्त लिहीत नाही, रिव्ह्यू सगळे त्यावरच असतात, टाकीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

हवा दाबली की तापते, टाकीत गार झाली की त्यातल्या बाष्पाचं पाणी होऊन तळाशी साठतं. ते काढलं नाही तर पत्रा आतून गंजतो आणि बाहेरून रंग तसाच चकचकीत, मग कळणार कसं? माझ्या मशीनला ड्रेनचा, म्हणजे हे पाणी काढायचा, स्क्रू बरोबर टाकीच्या पोटाखाली दिलाय, म्हणजे जमिनीवर आडवं पडून चाचपडत फिरवायचा आणि वर हातावर ते दुधाळ तेलकट पाणी. ज्याने हे डिझाइन केलं त्याने एकदा स्वतः ड्रेन करून बघावं राव. शेवटी सगळी हवा सोडून, गेज शून्यावर आल्यावर तो स्क्रू काढला आणि एल्बो (काटकोनी जोड), छोटा लोखंडी पाईप न बॉल व्हॉल्व्ह टेफ्लॉन टेप मारून बसवला. आता काम संपलं की एक-दोन बार (दाबाचं एकक) हवा शिल्लक असतानाच उघडतो, फुर्रकन सगळं बाहेर. पाणी दुधाळ असेल तर पंपाचं तेल मिसळलंय, तांबूस यायला लागलं तर गंज.

प्रेशर स्विच 8 बारला मोटर बंद करतो, तो चिकटला तर दाब वाढतच जातो आणि जादा हवा आपोआप सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह हाच शेवटचा आधार, म्हणून गॉगल लावून अधूनमधून रिंग ओढून बघतो, हवा सुटली आणि सोडल्यावर नीट बसला की झालं. तिथून थोडी हवा गळते म्हणून प्लग मारणारे महाभागही आहेत, त्यांना कोपरापासून नमस्कार.

मध्ये मोटर थांबल्यावर स्विचखालून सूं आवाज येतच राहायचा, टाकीतली हवा पंपाकडे उलटी जाऊ न देणाऱ्या नॉन रिटर्न व्हॉल्व्हमध्ये कचरा होता, म्हणून हवा परत येऊन तिथून सुटत होती, टाकी रिकामी करून साफ केला, आवाज गेला.

टाकीला बारीक भोक पडलं तर वेल्डिंग नको न एम-सीलही नको, आजूबाजूचा पत्राही तेवढाच खाल्लेला असतो, टाकीच बदला. जुनी टाकी तपासायची तर हायड्रो टेस्ट (टाकीत पाणी भरून दाब देऊन तपासणी) करणाऱ्याकडे द्या, हवेने प्रेशर वाढवून बघू नका, पाणी जवळजवळ दाबलं जात नाही म्हणून फाटलं तरी स्फोट होत नाही. नवीन घेताना टाकीवरच्या प्लेटवर वर्किंग प्रेशर छापलंय का बघा आणि दुकानातच खाली वाकून ड्रेनपर्यंत हात पोचतो का तेही.