फुकट टीव्ही रेकॉर्ड करायचाय: टीव्हीतच, वेगळ्या बॉक्सवर की घरच्या नेटवर्कवर?

अँटेना लावून फुकट मिळणारी चॅनेल्स रेकॉर्ड करायची म्हटलं की तीन पर्याय समोर येतात. टीव्हीच्या मागच्या यूएसबी पोर्टला हार्ड डिस्क लावायची. ट्यूनर (म्हणजे अँटेनातून चॅनेल पकडणारा भाग) आणि डिस्क दोन्ही पोटात असलेला वेगळा रेकॉर्डर आणायचा. नाहीतर अँटेनाची वायर नेटवर्क ट्यूनरला जोडून रेकॉर्डिंगचं काम घरातल्या कॉम्प्युटरकडे सोपवायचं. जाहिरातींमध्ये सगळा जोर डिस्क किती टीबीची यावर असतो. माझ्या मते तो प्रश्न शेवटचा. ट्यूनर किती आहेत, कार्यक्रमांचं वेळापत्रक मशीनला कुठून मिळतं आणि रेकॉर्ड झालेली फाइल कोणाच्या ताब्यात राहते, हे आधी बघावं.

चित्राचा दर्जा मात्र तुलनेतून बाजूला काढा. जुना व्हीसीआर चित्राची नक्कल करायचा, त्यामुळे ते थोडं मळायचंच. डिजिटल रेकॉर्डर हवेतून आलेला डेटा जसाच्या तसा डिस्कवर लिहितो, म्हणून तिन्ही पर्यायांत रेकॉर्डिंग थेट प्रक्षेपणाइतकंच स्वच्छ दिसतं. अपवाद फक्त जागा वाचवण्यासाठी किंवा मोबाइलवर दाखवण्यासाठी चित्र पुन्हा कॉम्प्रेस करणाऱ्या उपकरणांचा. आणि एक गोष्ट यातलं कुठलंच मशीन करत नाही: कमजोर सिग्नल सुधारणं. डिजिटल सिग्नल एका मर्यादेपर्यंत उत्तम चालतो आणि त्याखाली गेला की चौकोन, अडखळणारा आवाज, मग काळा पडदा. थेट बघताना दोन सेकंदांचा अडथळा आपण विसरून जातो. रेकॉर्डिंगमध्ये तो नेमका शेवटच्या षटकात सापडतो. त्यात टीव्ही आणि रेकॉर्डर अशा दोन ठिकाणी वायर न्यायला स्प्लिटर लावला, तर प्रत्येक फाट्यावर निम्म्याहून कमी सिग्नल उरतो, साधारण साडेतीन डेसिबलचा फटका. तेव्हा पैसे थोडेच असतील तर ते आधी अँटेनावर घाला.

टीव्हीलाच डिस्क लावली तर

सगळ्यात स्वस्त आणि सुटसुटीत मार्ग हाच. रिमोट तोच, मेन्यू तोच, डिस्कची सोडली तर वायर एकही वाढत नाही. फोन आला म्हणून बातम्या थांबवून ठेवणं, रात्रीचा सिनेमा सकाळी बघणं एवढंच हवं असेल तर पुढचं वाचायचीही फारशी गरज नाही. फक्त घेण्याआधी मॉडेल तपासा. एकाच मालिकेतल्या टीव्हीत एका देशात ही सोय असते आणि दुसऱ्या देशात विकलेल्या मॉडेलमध्ये नसते. यूएसबी पोर्ट दिसला म्हणजे रेकॉर्डिंग होतंच असं नाही. बऱ्याच टीव्हींवर तो फक्त फोटो आणि व्हिडिओ चालवण्यापुरता असतो.

अडचणी दोन. पहिली, बहुतेक टीव्हींत ट्यूनर एकच. एक चॅनेल रेकॉर्ड होत असताना दुसरं बघता येत नाही, किंवा मोजकीच काही बघता येतात. दुसरी जास्त बोचणारी: टीव्ही डिस्क स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट करतो आणि रेकॉर्डिंग बहुधा त्या एका टीव्हीपुरतंच कुलूपबंद करतो. तीच डिस्क कॉम्प्युटरला लावा, रिकामी असल्यासारखी दिसेल किंवा थेट फॉरमॅट करायला सांगेल. टीव्हीचा बोर्ड बदलावा लागला तर डिस्क धडधाकट असूनही रेकॉर्डिंग गेलंच म्हणून समजा. नातीचा टीव्हीवरचा कार्यक्रम जपून ठेवायचा असेल तर हा मार्ग तुमचा नाही. पेन ड्राइव्हही टाळा. तासन्‌तास एकसलग लिहायला ते बनलेले नसतात आणि स्वस्तातले मधेच मंदावतात.

एक ट्यूनर की दोन, हा खरा प्रश्न

समजा एका चॅनेलवर आठ ते नऊ मालिका आहे आणि दुसऱ्यावर नऊ वाजता सिनेमा. कागदावर एक ट्यूनर पुरतो. पण कार्यक्रम वेळेवर सुरू होत नाहीत आणि वेळेवर संपत तर मुळीच नाहीत, म्हणून रेकॉर्डर दोन मिनिटं आधी सुरू आणि पाच-दहा मिनिटं उशिरा बंद करायची सेटिंग आपण ठेवतोच. तशी ठेवली की आठ अठ्ठावन्न ते नऊ-दहाच्या दरम्यान मशीनला दोन चॅनेल्स एकदम हवी असतात. ट्यूनर एकच असेल तर एकतर मालिकेचा शेवट कापला जातो, नाहीतर सिनेमाची सुरुवात. हे आठवड्यातून एखादा दिवस नाही, रोजचं असतं. त्यात घरातलं दुसरं कोणी त्याच वेळी तिसरं काही बघत असेल तर दोन ट्यूनरही कमी पडतात.

इथे एक तांत्रिक गंमत कामाची आहे. डिजिटल प्रक्षेपणात एका फ्रिक्वेन्सीवर एकच चॅनेल नसतं, अनेक चॅनेल्सचा गठ्ठा येतो. त्याला मल्टिप्लेक्स म्हणतात. ट्यूनर खरं तर अख्खा गठ्ठा पकडतो आणि आपल्याला त्यातलं एक दाखवतो. काही रेकॉर्डर याचा फायदा घेऊन त्याच गठ्ठ्यातलं दुसरं चॅनेल बघू देतात. टीव्हीहेडएंडसारखं सॉफ्टवेअर त्याच्याही पुढे जाऊन एका ट्यूनरवर त्या गठ्ठ्यातली अनेक चॅनेल्स एकाच वेळी रेकॉर्ड करतं. म्हणून खरेदीआधी आपली नेहमीची चार-पाच चॅनेल्स कुठल्या मल्टिप्लेक्सवर आहेत ते पाहून घ्या. सगळी एकावरच असतील तर दोन ट्यूनर भरपूर. विखुरलेली असतील तर चारचा विचार करा.

वेळापत्रक कुठून येतं

या मुद्द्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि पस्तावा सगळ्यात जास्त याचाच होतो. मालिकेच्या नावावर एकदा बटण दाबलं की पुढचे सगळे भाग आपोआप रेकॉर्ड व्हावेत, ही डिजिटल रेकॉर्डरची खरी मजा. त्यासाठी मशीनला पुढच्या काही दिवसांचं गाइड लागतं.

डीव्हीबी या डिजिटल प्रक्षेपण पद्धतीच्या देशांत, म्हणजे युरोप, ऑस्ट्रेलिया वगैरे, साधारण आठवड्याभराचं गाइड सिग्नलबरोबर हवेतूनच येऊ शकतं. ब्रिटनमध्ये 2002 साली सुरू झालेल्या फ्रीव्ह्यू सेवेत तर प्रत्येक मालिकेला सांकेतिक ओळखही जोडलेली असते, त्यामुळे कार्यक्रमाची वेळ बदलली तरी रेकॉर्डर तो शोधून काढतो. अशा ठिकाणी इंटरनेट नसलेला साधा बॉक्सही हुशारीने वागतो. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या एटीएससी पद्धतीत स्टेशनांवर सक्ती आहे ती फक्त पुढच्या बारा तासांच्या गाइडची. बारा तासांवर पुढच्या रविवारचं रेकॉर्डिंग लावता येत नाही. म्हणून तिथले चांगले रेकॉर्डर गाइड इंटरनेटवरून घेतात, आणि तिथेच वर्गणीचा प्रश्न येतो. काहींत गाइड उपकरणाच्या किमतीत धरलेलं असतं, काहींत महिन्याला किंवा वर्षाला पैसे, काहींत एकदाच मोठी रक्कम. फुकट टीव्हीसाठी दरमहा पैसे भरायचे, हे माझ्या तरी पचनी पडत नाही. पण ते भरायचेच असतील तर पाच वर्षांचा हिशेब मांडून किमतीत मिळवा, मग स्वस्त वाटणारा बॉक्स स्वस्त राहतो का ते बघा.

वर्गणी बंद केली तर मशीन काय करतं, हेही विचारा. वेळ घालून हाताने रेकॉर्डिंग करता येतं की नुसता ठोकळा उरतो? बाहेरून येणारं गाइड कायम राहीलच असं नाही. विंडोज मीडिया सेंटर हे एकेकाळी अनेकांचं आवडतं रेकॉर्डर होतं. 2015 साली आलेल्या विंडोज 10 मधून मायक्रोसॉफ्टने ते वगळलं आणि 2020 च्या सुरुवातीला त्याचं गाइडही थांबवलं.

वेगळा बॉक्स

दोन ट्यूनर, आत डिस्क, एक रिमोट, यादी उघडली की रेकॉर्डिंग समोर. बहुतेक घरांसाठी मी हाच सुचवेन. टीव्ही बदलला तरी बॉक्स तसाच राहतो, आणि रेकॉर्डिंगच्या वेळी तो स्वतःच जागा होतो. कमी आहे ती दोन बाबतींत: तो ज्या खोलीत आहे त्याच टीव्हीवर मुख्यतः बघता येतं आणि फाइल बाहेर काढायची सोय मॉडेलनुसार बदलते. काहींत साध्या गुणवत्तेच्या चॅनेल्सचं रेकॉर्डिंग यूएसबीवर उतरवता येतं, एचडीचं मात्र नाही. माहितीपत्रकात हे बारीक अक्षरात असतं. शिवाय डिस्क झोपायच्या खोलीत ऐकू येते. रात्री तीनचं रेकॉर्डिंग लावण्याआधी बॉक्स कुठे ठेवणार ते ठरवा.

नेटवर्क ट्यूनर आणि कॉम्प्युटर

एचडीहोमरनसारखा छोटा डबा एका बाजूला अँटेनाला आणि दुसऱ्या बाजूला राउटरला जोडायचा. मग घरातला कुठलाही टीव्ही, टॅब्लेट किंवा लॅपटॉप थेट चॅनेल दाखवू शकतो, आणि रेकॉर्डिंगचं काम सदा चालू असणारा कॉम्प्युटर किंवा एनएएस (नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा) करतो. अँटेनाची वायर एकाच ठिकाणी जाते, त्यामुळे खोलीगणिक स्प्लिटर लागत नाही. सॉफ्टवेअर भरपूर: टीव्हीहेडएंड, नेक्स्टपीव्हीआर आणि जेलीफिन फुकट, प्लेक्समध्ये रेकॉर्डिंगसाठी पैसे भरावे लागतात. फाइल साधी असते, तुमच्या डिस्कवर, तुमच्या फोल्डरमध्ये. तिची प्रत काढा, नको तो भाग कापा, वीस वर्षं ठेवा. कॉमस्किप नावाचं साधन काळ्या फ्रेम, शांतता, कोपऱ्यातला लोगो गायब होणं अशा खुणांवरून जाहिराती ओळखतं. बऱ्याचदा बरोबर, कधीकधी कार्यक्रमाचाच तुकडा जाहिरात समजून उडवतं, तेव्हा मूळ फाइल लगेच पुसू नका.

किंमत इथे पैशांपेक्षा वेळेत मोजावी लागते. अपडेटनंतर काहीतरी अडतं, ट्यूनर सापडत नाही, डिस्क भरलेली असते, आणि घरात दुरुस्ती करणारे तुम्ही एकटेच. तुम्ही गावाला गेलात की घरच्यांनी काय करायचं? एचडी चॅनेलचा मूळ प्रवाह जड असल्याने ट्यूनर आणि कॉम्प्युटर तरी वायरनेच जोडलेले बरे, वायफायवर अडखळतं. मोबाइलवर बघायचं तर कॉम्प्युटरला चित्र तिथल्या तिथे रूपांतरित करावं लागतं आणि अगदी जुना लॅपटॉप त्यात दमतो.

डिस्क, आणि एक नवीन भानगड

एटीएससीच्या जुन्या पद्धतीत एका फ्रिक्वेन्सीची पूर्ण क्षमता सेकंदाला 19.39 मेगाबिट. ती सगळी एकाच चॅनेलने वापरली तरी तासाला पावणेनऊ जीबीच्या आसपास जागा लागते; प्रत्यक्षात कमीच, कारण ती वाटली जाते. नव्या कॉम्प्रेशनच्या एचडीला याच्या निम्म्याहूनही कमी पुरतं. म्हणजे 1 टीबीमध्ये वाईटात वाईट धरूनही शंभरावर तास बसतात. तेवढं बघायला कोणाकडे वेळ आहे? कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करणार असाल तर सीसीटीव्हीसाठी बनवलेली डिस्क घ्या, सतत लिहिण्याचा ताण ती सोसते.

अमेरिकेत असाल तर आणखी एक गोष्ट. तिथे आता एटीएससी 3.0 ही नवी पद्धत येते आहे आणि त्यावरची अनेक स्टेशनं आपलं प्रक्षेपण एन्क्रिप्ट करतात, म्हणजे सांकेतिक कुलूप लावून पाठवतात. फुकट असूनही ते सगळ्याच रेकॉर्डरना उघडता येत नाही. नेटवर्क ट्यूनरवाल्यांना याचा त्रास सर्वाधिक. नंतर बघण्यासाठी घरी रेकॉर्ड करणं कायदेशीर आहे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1984 सालीच सोनीच्या बीटामॅक्स खटल्यात म्हटलं होतं, पण कायद्याने चालतं म्हणून कुलूप उघडतं असं नाही. तूर्त जुन्या पद्धतीचं प्रक्षेपणही सुरू असल्याने केवळ '3.0' हा शिक्का बघून जास्त पैसे मोजू नयेत.

घरात एकच टीव्ही आणि गरज अधूनमधून असेल तर टीव्हीला डिस्क लावून महिनाभर बघा. पैसे फारसे अडकत नाहीत आणि आपण रेकॉर्ड केलेलं खरंच बघतो का, तेही कळतं. आईवडिलांसाठी घेत असाल तर दुसरा विचार न करता दोन ट्यूनरचा बॉक्स. तीन-चार पडदे असतील, रेकॉर्डिंग जपायची हौस असेल आणि शनिवारची संध्याकाळ सेटिंग खुडबुडण्यात गेली तरी चालत असेल, तरच नेटवर्क ट्यूनर.