बांधकामावरील इजा: भरपाईचा दावा की दिवाणी खटला?

वर्धा रोडवरील बांधकामात परांचीवरून पडलेल्या गवंड्याच्या भावाला हा प्रश्न पडला आहे. भरपाईच्या दाव्यात मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही आणि ठेकेदाराने हात वर केले तरी बहुधा मुख्य मालकाकडे मागणी करता येते. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याची ही चौकट सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही आहे. मात्र रक्कम वेतन, वय व अपंगत्वाच्या सूत्राने ठरते आणि दाव्याची मुदत साधारणतः २ वर्षांची असते. दिवाणी खटल्यात वेदनांचीही भरपाई मागता येते, पण निष्काळजीपणाचे पुरावे, न्यायालयीन शुल्क आणि चिकाटी लागते. एकाच इजेसाठी दोन्ही मार्ग चालत नाहीत (ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, असल्यास तर मार्गच वेगळा).

हातावर पोट असलेल्याने दावाच करावा. ठोस साक्षीपुरावा आणि थांबण्याची ऐपत असेल, तरच खटल्याचा विचार करावा.