तेरीज जुळली, हिशोब कुठं जुळला? (5 पैकी 2 स्टार)
आमच्या आडतीचे खाते लिहायला लातुरातल्या एका अकाउंटवाल्याकडं दिले होते, नाव नाही घेत. पोरं बोलायला चांगली, जीएसटी रिटर्न टाइमात भरतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण हिशोब विचारला की टॅली सॉफ्टवेअरमधून ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे-जमा बाक्यांची तेरीज, काढून पुढं ठेवणार, भाऊ जुळलाय की, टेन्शन नका घेऊ. अहो जुळणारच ना, नावे-जमा सारखी नसली तर टॅली व्हाउचर म्हणजे नोंद सेव्हच करू देत नाही, मग त्याचं कौतुक काय सांगता! एका जाधवाच्या सोयाबीनचे 48,500 दुसऱ्याच जाधवाच्या खात्यात जमा केलेले, नवा वजनकाटा घेतला तो मालमत्तेत धरायचा सोडून दुरुस्ती खर्चात टाकला, हमालीचं एक बिल तर मुळात चढवलंच नाही, आणि ट्रायल बॅलन्स एकदम ओके. खरा जाधव विकलेल्या मालाच्या पट्टीचे पैसे मागत गादीवर येऊन बसला आन् त्याच्या खात्यात बाकी शून्य, तेव्हा कळलं. बँकेच्या स्टेटमेंटशी मिळवणी, पार्ट्यांकडून बाकी कन्फर्म करून घेणं, जाधवाच्या पैशासारख्या नाहीतर राहिलेल्या बिलासारख्या चुका त्यातून सापडतात, पण ते यांच्या पॅकेजात नाही, एक्स्ट्रा लागतील म्हणे. दोन स्टार पण जीएसटीचेच.